लॅपटॉपचा आवाज ओळखा

तायांनो, गटाचा हिशोब आता लॅपटॉपवर असतो. म्हणून त्याच्या आवाजाकडे लक्ष ठेवा.

१) घरघर : आतला पंखा जोरात फिरतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा थोडी घरघर चालायचीच. लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेवा. हवेची जाळी मोकळी ठेवा.

२) खरखर : पंखा घासतोय किंवा धूळ अडकली आहे. बंद करून दुरुस्तीला द्या.

३) टकटक : हा हार्ड डिस्कचा आवाज, सगळ्यात धोक्याचा. हिशोब तिथेच साठलेला असतो. फाइल उघडत असेल तर आधी पेनड्राइव्हवर उतरवा, मग बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

दर बैठकीनंतर पेनड्राइव्हवर एक प्रत काढाच. आणि रजिस्टर लिहिणं सोडू नका!