मिरी घातलीच नव्हती

मे महिन्यातला रविवार. बाजारात कुपा (ट्यूना) झकास दिसला, गर्द लाल मांसाचा. मावशींनी तुकड्या करून देताना बजावलं होतं, "घरी जाऊन लगेच कर गं." मी हो म्हटलं आणि पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली. मग ऑलिव्ह आणायला दुसऱ्या दुकानात, तिथून इस्त्रीचे कपडे, वाटेत बहिणीकडे चहा. अडीच तास सहज गेले.

घरी आल्यावर मात्र सॅलडचं सगळं साग्रसंगीत. ऑलिव्ह तेलात मंद आचेवर कुपा शिजवला, टोमॅटो, काकडी, कांदा, काबुली चणे, काळे ऑलिव्ह, वरून लिंबू. उकडलेला बटाटाही घातला. (दक्षिण फ्रान्समधल्या नीसचे तेव्हाचे महापौर झाक मेदसँ यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात, नीसच्या सॅलडात उकडलेली भाजी घालू नका म्हणून हात जोडलेत. आपल्याला बटाट्याशिवाय पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्याला काय करणार!)

पहिल्याच घासाला हे म्हणाले, "मिरी जरा जास्त झालीय." मी मिरी घातलीच नव्हती. माझ्याही जिभेला चुरचुरत होतं, पण मी तो आळ कच्च्या कांद्यावर घेतला. माशाला वास अजिबात नव्हता. आम्ही भांडं चाटूनपुसून संपवलं.

अर्ध्या तासात ह्यांचे कान आणि मान लालबुंद. अंगावर पित्ताच्या गांधी, डोकं ठणकतंय. मला नुसती धडधड. दवाखान्यात "ह्यांना मासे सोसत नाहीत बहुतेक" असं मी सांगायला लागले, तर डॉक्टरांनी उलट विचारलं, "मासा किती वेळ बाहेर होता?"

कुपा, बांगडा, सुरमई एकाच कुळातले. यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा उबेला राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि ॲलर्जीत आपलं शरीर जे सोडतं तेच हे रसायन. एकदा तयार झालं की शिजवून, तळून, गोठवून जात नाही. मी कुपा करपवला असता तरी फरक पडला नसता. बांगडा खाऊन एखाद्याच दिवशी पित्त उठतं, एरवी काही होत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. गोळ्यांनी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं ताळ्यावर आलो. पण कुणाला श्वास लागला, ओठ सुजले, तर घरच्या गोळ्यांवर विसंबू नका.

तेव्हा मासळी शेवटी घ्या, बर्फासकट घ्या, आणि घरी आल्या आल्या फ्रिजमध्ये टाका. आतलं तापमान चार अंशांच्या वर नको. डब्यातला ट्यूना हा सोपा मार्ग, पण त्याची निर्धास्ती झाकण उघडेपर्यंतच. उरलेला काचेच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. केलेलं सॅलडही ओट्यावर ठेवून गप्पा मारत बसू नका, उन्हाळ्यात तर नाहीच.

बाकी किरकोळ: ऑलिव्ह खारट असतात, मीठ चाखून घाला. कांदा दहा मिनिटं गार पाण्यात ठेवला की त्याचा उग्रपणा जातो. मिरी मी आता वाढून झाल्यावर ज्याच्या त्याच्या बशीत घालते. त्याआधी एक घास बिनमिरीचा चाखते, आणि तो जिभेला चुरचुरला तर सगळं भांडं कचऱ्यात.