प्राण्यांवरील प्रयोगांना पर्याय : रेबीजच्या लसीचा धडा



"कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात," असे आजही अनेक घरांत सांगितले जाते. या भीतीने काही जण जखमेला हळद-मिरची लावून घरीच बसतात. चौदा इंजेक्शनांचा तो काळ संपून वीस वर्षे झाली. तो का संपला हे समजले की, प्राण्यांवरील प्रयोगांना पर्याय म्हणजे काय, हेही समजते.

जुनी लस : १९११ मध्ये कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी ही लस विकसित केली. मेंढीला रेबीजच्या विषाणूची लागण करून तिच्या मेंदूपासून लस बनवीत. लसीबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंश माणसाच्या शरीरात जाई. शरीर त्या अंशाशी लढू लागे आणि त्या लढाईत स्वतःच्याच मज्जासंस्थेला इजा होई. काही रुग्णांना त्यामुळे लकवा झाला. डिसेंबर २००४ मध्ये भारतात या लसीचे उत्पादन थांबले.

नवी लस : १९६२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातील पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या. त्यांना 'व्हेरो' पेशी म्हणतात. त्यांचा वंश आजही जगभर चालू आहे. अशा पेशींवर विषाणू वाढवितात, तो निष्क्रिय करतात आणि लस बनवितात. ही लस दंडात, चार-पाच वेळाच घ्यावी लागते. मेंढी वाचली आणि माणूसही अधिक सुरक्षित झाला.

पेशी वाढविण्याच्या या शास्त्रात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशातील संशोधकांना पेशी पुरविते. खोल जखमेत घोड्याच्या रक्तापासून केलेले सीरम देतात. त्याला पर्याय म्हणून पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने पेशींपासून बनविलेले औषध २०१७ मध्ये बाजारात आणले.

लसीची चाचणी : लसीत पुरेशी शक्ती आहे की नाही, हे तपासण्याची जुनी रीत अशी : उंदरांना लस द्यायची, नंतर त्यांच्या मेंदूत विषाणू टोचायचा आणि किती उंदीर जगले ते मोजायचे. यात उंदरांना यातना होतात आणि निकालही दर वेळी सारखा येत नाही. आता लसीतील उपयुक्त प्रथिन किती आहे, हे प्रयोगशाळेत थेट मोजता येते. ही पद्धत हळूहळू जुन्या रीतीची जागा घेत आहे.

तीन सूत्रे : १९५९ मध्ये रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली.
१) शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरावी.
२) प्राण्यांची संख्या कमी करावी.
३) प्राण्यांचा त्रास कमी करावा.

आपला कायदा : जेथे पुस्तके, प्रतिकृती वा चित्रफिती यांनी काम भागते, तेथे शिक्षणासाठी प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, असे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर २०१४ मध्ये बंदी आली. नव्या औषधांच्या चाचणीसाठी पेशी व संगणकावर आधारित पद्धतींना २०२३ च्या नियमांनी मान्यता दिली.

तरीही सर्वच प्रयोगांना आज पर्याय उपलब्ध नाही. एखादे औषध यकृत, हृदय व मेंदू या सर्वांवर मिळून काय परिणाम करील, हे वेगळ्या वाढविलेल्या पेशी पूर्णपणे सांगू शकत नाहीत. हे उरलेले काम तुमच्या पिढीचे आहे. दया हवीच, पण दयेला अभ्यासाची जोड मिळाली तरच पर्याय निर्माण होतो.

लक्षात ठेवा : सुरतेत असो वा सुट्टीत गावी, कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि सांगितलेले सर्व डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही. म्हणून मुलांनी चावा किंवा ओरखडा घरी लपवू नये आणि पालकांनी त्यासाठी रागावू नये.

स्वाध्याय :
१) जुन्या लसीने काही रुग्णांना लकवा का होत असे?
२) तीन सूत्रांपैकी व्हेरो पेशींचा वापर कोणत्या सूत्रात बसतो?
३) घरातील वडीलधाऱ्यांना चौदा इंजेक्शनांविषयी विचारा आणि त्यांना नव्या लसीची माहिती द्या.

आपला,
मुख्याध्यापक