ओसाड होमस्टेडवर डिटेक्टर फिरवताना

अमेरिकेच्या मध्य आणि पश्चिम भागातल्या माळरानांवर मोडून पडलेली एकाकी शेतघरे दिसतात. त्यांतली बरीचशी १८६२च्या होमस्टेड कायद्यातून उभी राहिली. अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेला हा कायदा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला. किरकोळ शुल्क भरून १६० एकर सरकारी जमिनीवर दावा नोंदवायचा, तिथे घर बांधून पाच वर्षे राहायचे, जमीन कसायची आणि मग मालकीपत्र घ्यायचे, अशी ती योजना होती. या मार्गाने पुढे सुमारे सोळा लाख मालकीपत्रे दिली गेली आणि २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाचा जवळपास दहावा हिस्सा, वाटला गेला. ही जमीन मुळात रिकामी नव्हती. ती मूलनिवासी जमातींकडून घेतलेली होती, आणि म्हणूनच होमस्टेडच्या थराखाली त्याहून जुने काहीतरी असण्याची शक्यता नेहमीच असते.

दावा नोंदवणाऱ्यांपैकी अनेकजण टिकले नाहीत. पावसाच्या प्रदेशात १६० एकरांवर कुटुंब जगू शकत होते; शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला तेवढ्यात गुरेही नीट चरत नव्हती. १९०९मध्ये मर्यादा ३२० एकरांवर नेली तरी कोरड्या जमिनीचा स्वभाव बदलला नाही. पहिल्या महायुद्धानंतर गव्हाचे भाव कोसळले, १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी राहिलेली माती उडवून नेली आणि माणसे गाडीत मावेल तेवढे घेऊन निघून गेली. मागे राहिले ते न पेलणारे, मोडलेले किंवा हरवलेले. मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्याच्या वाट्याला येते ते एवढेच. एरवी पुरून ठेवलेल्या धनाच्या कथा प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात, पण दुकानदाराकडे उधारीवर जगणाऱ्या कुटुंबाकडे पुरण्याजोगे फारसे नसे.

ओसाड घर बेवारस नसते, आणि या छंदातली सर्वात महागडी चूक इथेच होते. छप्पर कोसळलेले, कुंपण आडवे झालेले, आसपास मैलोन्‌मैल माणूस नाही, म्हणून जागा कुणाचीच नाही असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात ती जमीन शेजारच्या रँचवाल्याची, दूरच्या शहरात राहणाऱ्या वारसांची, राज्याची किंवा केंद्र सरकारची असते. शेवटची शक्यता वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. १९३७च्या बँकहेड-जोन्स कायद्यान्वये सरकारने नापीक ठरलेल्या शेतजमिनी विकत घेतल्या. त्यांतल्या अनेक आज राष्ट्रीय गवताळ प्रदेश म्हणून वनखात्याच्या ताब्यात आहेत. म्हणजे ज्या भागांत सोडलेल्या वस्त्या दाट, नेमका तिथेच सरकारी जमिनीचा धोका अधिक. शिवाय सरकारी मोजणीत आखलेल्या टाउनशिप या प्रत्येक चौकोनाच्या ३६ सेक्शनांपैकी, म्हणजे भागांपैकी, १६ वा आणि ३६ वा हे सेक्शन बऱ्याच पश्चिमी राज्यांत शाळांच्या उत्पन्नासाठी राखले गेले होते आणि त्यांतले कित्येक अजून राज्याकडे आहेत. खाजगी आणि सरकारी जमिनीमधली ही रेघ माळावर डोळ्यांना दिसत नाही. ती नकाशावर पाहूनच जावे लागते.

केंद्राच्या जमिनीवर १९७९चा पुरातत्त्व संपदा संरक्षण कायदा लागू होतो. किमान शंभर वर्षे जुने आणि पुरातत्त्वीय महत्त्वाचे अवशेष परवान्याशिवाय उकरणे किंवा नेणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वस्तूंची किंमत आणि जागेच्या दुरुस्तीचा खर्च ५०० डॉलरच्या वर गेला तर शिक्षा वाढते. शंभर वर्षांची ही अट दर वर्षी एकेक पाऊल पुढे सरकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. १९२०च्या दशकातली वस्ती आता तिच्या कक्षेत येऊ लागली आहे. नियमांमध्ये सुट्या नाण्यांना आणि बंदुकीच्या गोळ्यांना सवलत आहे, पण त्यांचा पुराअवशेषांशी थेट संबंध नसेल तरच. घराच्या जोत्यापाशी निघालेल्या नाण्यासाठी ती सवलत सांगणे म्हणजे वकिलाला काम देणे. राष्ट्रीय उद्यानांत तर खोदणे दूरच, वापरायच्या स्थितीतला डिटेक्टर जवळ बाळगणेही बेकायदा आहे.

खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी पुरते, आणि ती लेखी असावी. तोंडी होकार कराराने जमीन कसणाऱ्याकडून मिळालेला असतो आणि मालक वेगळाच निघतो. परवानगी मागतानाच सापडलेल्या वस्तू कुणाच्या, हे ठरवून घ्यावे. कुटुंबातल्या कुणाची अंगठी निघाली तर ती परत करायची, असे आपणहून सांगणाऱ्याला पुढच्या शेताचेही दार उघडते. फाटक जसे असेल तसेच ठेवावे. उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. गायी वितात त्या दिवसांत जाऊ नये. उन्हाळ्यात वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये, कारण तापलेल्या एक्झॉस्टने वणवा पेटतो.

अमेरिकेत हा छंद लागलेल्या मराठी माणसाने यंत्र सुट्टीत गावी आणायचा विचार केला, तर भारतातला कायदा आणखी कडक आहे हे ध्यानात ठेवावे. १८७८च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाच्या कोणत्याही ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. स्वतःच्या शेतातला हंडाही त्यातून सुटत नाही. १९७२चा पुरावस्तू कायदा आणि संरक्षित वास्तूंसाठीचे १९५८ व १९६०चे केंद्राचे आणि राज्याचे कायदे वेगळेच. किल्ल्यावर डिटेक्टर नेणे हा छंद ठरत नाही.

जागा शोधण्याचे काम कागदावर सुरू होते. सरकारी जमिनीचे वाटप करणाऱ्या जनरल लँड ऑफिसची मालकीपत्रे संगणकावर पाहता येतात आणि त्यांवरून कोणत्या चौथाई सेक्शनवर कोणाचा दावा होता ते कळते. अधिक मोलाची असतात ती राष्ट्रीय अभिलेखागारातली दाव्यांची प्रकरणे. मालकी मिळवताना दावेदाराला दोन साक्षीदारांसह सुधारणांचा पुरावा द्यावा लागे, त्यामुळे घर किती फुटांचे, विहीर किती खोल, गोठा कशाचा, किती एकर मोडली, हे त्या कागदांत उतरलेले असते. मालकीपत्र १६० एकर दाखवते. त्यांतले घर नेमके कुठे, हे जुन्या भूमापन नकाशांवरून आणि १९३०च्या दशकापासूनच्या हवाई छायाचित्रांवरून ताडावे लागते.

प्रत्यक्ष जागेवर झाडे बोलतात. माळावर आपसूक न उगवणारी लायलॅकची झुडुपे, आयरिसचे ताटवे, शतावरीच्या कुळातला ॲस्परॅगस किंवा सरळ रांगेत लावलेली वारा अडवणारी झाडे दिसली की जवळपास घर होते असे समजावे. मातीच्या विटांचे सॉड हाउस विरघळून नुसता उंचवटा उरतो; टेकडीत कोरलेल्या घराचा खळगा उरतो. वस्तू पडतात त्या माणसांच्या रोजच्या वावराच्या जागी. कपडे वाळत घालायच्या तारेखाली, दारासमोरच्या पायरीपाशी, विहिरीच्या वाटेवर, सावलीच्या झाडाखाली. घराच्या आतला भाग सर्वात मोहाचा असतो, पण तिथे यंत्र सर्वात आंधळे होते.

याचे कारण लोखंड. बहुतेक डिटेक्टर कॉईलमधून काही हजार हर्ट्‌झचे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतात. धातूत त्यामुळे भोवरप्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे प्रतिक्षेत्र किती उशिराने परत येते त्यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते. हे तत्त्व जुने आहे. १८८१मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच उपकरण वापरले होते, आणि बिछान्यातल्या धातूच्या स्प्रिंगांनी त्यांना चकवले, असे मानले जाते. आजही अडचण तीच आहे, फक्त स्प्रिंगांच्या जागी खिळे आले. लाकडी घर जळले किंवा कुजले तर हजारो खिळे त्या चौकोनात विखुरतात. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको तो धातू गाळायची सोय, वाढवून लोखंडाचा आवाज बंद केला की कान सुखावतात, पण खिळ्याशेजारचे चांदीचे नाणेही त्याच शांततेत गडप होते. यंत्राने खिळा नाकारला आणि ते सावरायच्या आत कॉईल नाण्यावरून पुढे गेलेली असते. पहिला हंगाम रिकाम्या हाताने गेल्यावर जागा धुऊन नेलेली आहे असे मानणाऱ्यांची गत बहुधा हीच असते.

उपाय सोपे पण कष्टाचे आहेत. मोठी कॉईल काढून पंधरा सेंटिमीटरच्या आसपासची लहान कॉईल लावावी. डिस्क्रिमिनेशन जवळजवळ शून्यावर ठेवावे, लोखंडाची कुरकुर ऐकत राहावे आणि तिच्यात मधूनच उमटणारा बारीक स्वच्छ सूर पकडावा. हात इतका सावकाश फिरवावा की पाहणाऱ्याला कंटाळा यावा. तोच पट्टा काटकोनात पुन्हा तपासावा, कारण एका दिशेने खिळ्याआड लपलेले नाणे दुसऱ्या दिशेने उघडे पडते. पडद्यावरच्या आकड्यांवर फार विसंबू नये. सपाट पत्रा, वॉशर किंवा मध्ये भोक असलेला लोखंडी तुकडा चांदीसारखाच उंच सूर देतो. कॉईल बाजूला सरकवली की तो सूर बहुधा तुटतो, नाण्याचा सहसा तुटत नाही. घराच्या चौकोनापासून दहा-पंधरा पावले दूर गेले की खिळे विरळ होतात. कामाला सुरुवात खरे तर तिथूनच करावी.

आणि लोखंड तुच्छ मानू नये. चौकोनी कापीव खिळे अधिक असतील तर बांधकाम बहुधा १८९०च्या आधीचे, गोल तारेचे खिळे असतील तर त्यानंतरचे. एवढी माहिती कोणत्याही एका नाण्यापेक्षा भरवशाची असते, कारण नाणे पन्नास वर्षे खिशात फिरू शकते. काडतुसाच्या पुंगळीच्या बुडावरचा ठसा, डेनिमच्या पँटचे तांब्याचे रिव्हेट (त्यांचे पेटंट १८७३चे), बरण्यांची जस्ताची झाकणे, हार्मोनिकाच्या पितळी पट्ट्या, खोगिराची बक्कले, अंगुस्ताने यांतून घरातली माणसे दिसू लागतात. नाणी निघालीच तर १९०९पर्यंतचे इंडियन हेड सेंट किंवा त्यानंतरचे गव्हाच्या लोंब्यांचे सेंट. चांदीचे डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, निघाले तर तो दिवस चांगला.

खोदताना हिरवळीचा तुकडा तीन बाजूंनी कापून बिजागरीसारखा उलटावा, माती कापडावर काढावी, हातातल्या पिनपॉइंटरने वस्तू शोधावी आणि खड्डा पुन्हा दाबून बंद करावा. उघडा राहिलेला खड्डा गुरांचा पाय मोडतो आणि परवानगी कायमची संपवतो. नांगरलेल्या जमिनीत वस्तूंची जागा आधीच विस्कटलेली असते. न मोडलेल्या जमिनीत मात्र प्रत्येक खड्डा एक पुरावा कायमचा पुसतो, म्हणून वस्तू कुठे आणि किती खोल मिळाली ते जागेवरच लिहावे. जुन्या संडासाच्या किंवा तळघराच्या खोल भरावात शिरू नये. भिंती ढासळतात आणि ते काम पुरातत्त्वज्ञाचेच आहे. हाडे दिसली तर हात थांबवून शेरीफला कळवावे. एकाकी वस्त्यांवर घरच्या लहानग्यांच्या खुणा नसलेल्या कबरी असतात, आणि त्यांहून जुन्या कबरीही.

सर्वात मोठा जिवाचा धोका विहिरीचा. हाताने खणलेल्या विहिरी घर सोडताना फळ्या टाकून झाकल्या गेल्या. वर माती साचली, गवत उगवले, खाली फळी कुजत राहिली. डोळे जमिनीवर आणि कान हेडफोनमध्ये असलेला माणूस नेमका तिथे पाय ठेवतो. पवनचक्कीचा मोडका सांगाडा, पंपाचा दांडा किंवा आसपासच्या गवताहून वेगळे, गोल वाढलेले गवत दिसले तर काठीने चाचपल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकट्याने जाऊ नये, आणि गेलेच तर कुठे चाललो ते कुणाला तरी सांगून जावे. माळावर मोबाइलला रेंज असेलच असे नाही.

बाकीचे धोके लहान दिसतात. जोत्याच्या दगडांत रॅटलस्नेक राहतो, तिथे न पाहता हात घालू नये. बंद खोल्यांतली उंदरांची लीद झाडू नये, कारण डिअर माउस या उंदरातून हंटाव्हायरस पसरतो. १९९३मध्ये चार राज्यांच्या सीमा मिळतात त्या फोर कॉर्नर्स भागात त्याची फुप्फुसांवरची घातक साथ ओळखली गेली. घराच्या उकिरड्यातल्या जुन्या बाटल्यांत स्ट्रिक्निन किंवा आर्सेनिकयुक्त कीटकनाशक उरलेले असू शकते. खडक आणि झाडांचे बुंधे फोडायला शेतकरी डायनामाइट वापरत, आणि त्याची डेटोनेटर टोपी ही पेन्सिलएवढी जाड, तांब्याची वा ॲल्युमिनियमची नळी डिटेक्टरला अगदी चांगली वस्तू वाटते. अशी नळी दिसली तर उचलू नये, पुसू नये, जागा खूण करून पोलिसांना बोलवावे. धनुर्वाताची लस आधी घेतलेली असावी. शेताखालून गॅसच्या आणि टेलिफोनच्या वाहिन्या जातात. खोल खणायचे तर ८११ या क्रमांकावर आधी विचारणा करावी.

घरी आणलेली वस्तू चोळून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. मातीतल्या कणांनी तांब्याच्या नाण्यावर कायमचे ओरखडे पडतात आणि वर्ष दाखवणारा पृष्ठभागच जातो. संग्राहक साफ केलेल्या नाण्याला कमी भाव देतात. चांदी साध्या पाण्याने धुतली तरी पुरते. लोखंड बाहेर येताच वेगाने गंजू लागते, म्हणून ते कोरडे ठेवावे आणि महत्त्वाचे असेल तर विद्युत्‌विघटनाने गंज उतरवून मेणाचा थर द्यावा. प्रत्येक वस्तूसोबत सेक्शन, जागा आणि खोली लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. त्या भागातल्या काउंटीच्या ऐतिहासिक संस्थेला बहुधा वस्तूपेक्षा चिठ्ठीच अधिक हवी असते.