द्राक्षबागेतील औषधफवारणी कशावर ठरते?

बागेत रोग दिसला म्हणजे बागाईतदार औषध फवारतो, असा सर्वसाधारण समज आहे. द्राक्षाच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. नाशिक व सांगली जिल्ह्यांतील बागाईतदार पुष्कळदा रोग दिसण्यापूर्वीच फवारणी करतो, आणि त्याला तसे कारण आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट व घड बाहेर पडत असता पावसाने किंवा दाट दवाने पाने ओली राहिली की केवडा घडावर उतरतो. घड एकदा गेला की त्या हंगामात तो परत येत नाही. मांडवासाठी व मजुरीसाठी काढलेले कर्ज मात्र उभेच राहते. अशा वेळी एक फवारणी जादा करण्याकडे त्याचा कल झाला, तर त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

ढग आल्यावर सल्ल्यासाठी हाताशी सापडतो तो औषधांचा दुकानदार. तो सल्ला फुकट देतो व औषध उधारीवर देतो. मग एका डब्याच्या जागी दोन डबे सहज घरी येतात. शेजारच्या बागेतील यंत्राचा आवाज ऐकून आपले यंत्र बाहेर काढणारेही थोडे नाहीत. त्यातच एकाच गटातील आंतरप्रवाही औषध वारंवार मारल्याने रोगाची बुरशी त्यास दाद देईनाशी होते. औषध लागू पडत नाही असे पाहून बागाईतदार मात्रा वाढवितो, व खर्च वाढूनही रोग हटत नाही.

खरेदीदाराचा प्रभाव याहून मोठा आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळला व निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले. हे द्रव्य किडीवरचे नव्हे की रोगावरचे नव्हे. वेलीची वाढ आवरण्यासाठी ते वापरले जाई. आता निर्यातीसाठी नोंदविलेल्या बागेत प्रत्येक फवारणी वहीत लिहावी लागते. स्थानिक बाजारात जाणाऱ्या मालाला असे विचारणारे क्वचितच कोणी असते, म्हणून तेथे शेवटची फवारणी व काढणी यांतील अंतर पाळण्यात ढिलाई होते. शिवाय, फवारणाऱ्या मजुराच्या अंगावर किती औषध उडाले, हे फळाच्या तपासणीत कधीच दिसत नाही.

तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्याने बागेत गेल्यावर औषधाचे नाव सांगण्याची घाई करू नये. मागील फवारणी कधी व कोणत्या गटातील औषधाची झाली, माल कोणत्या बाजारात जाणार आणि औषध रोखीने आणले की उधारीने, हे आधी विचारावे. दाटलेल्या फुटी विरळ करून मांडवाखाली वारा खेळता ठेवण्यास सांगावे. डब्यावरील त्रिकोणाचा रंग मजुरालाही दाखवावा. लाल त्रिकोण असलेले औषध सर्वांत विषारी असते. शेवटच्या फवारणीची तारीख मांडवाच्या खांबावर खडूने लिहून ठेवावी, म्हणजे काढणीस येणाऱ्या व्यापाऱ्यालाही ती वाचता येईल.