पहारेकऱ्याची भाषा

[चोरीची सूचना देणारा गजर आज अनेक दुकानांत, बँकांत व घरांत दिसतो. तो पैसे देऊन विकत घेता येतो. पण त्याची भाषा शिकावी लागते. ती न शिकल्यामुळे काय घडले, ते प्रस्तुत पाठात लेखकाने सांगितले आहे.]

मालेगावात माझ्या चाचांचे साड्यांचे दुकान आहे. पुढे दुकान, मागे गोदाम. बाजारात दोन-तीन चोऱ्या झाल्या, तेव्हा चाचांनी दुकानात गजर बसवून घेतला. बसवणाऱ्याने भिंतीवर एक पेटी लावली, चार बटणे दाबून दाखवली, इंग्रजी पुस्तिका हातात दिली आणि तो निघून गेला. चाचांनी पुस्तिका गल्ल्यात ठेवून दिली.

आठच दिवसांत त्रास सुरू झाला. मध्यरात्री भोंगा वाजे. चाचा धावत जात. पाहावे तर कुलूप जागच्या जागी, आत कोणी नाही! असे चार वेळा झाले. शेजारी कुरकुर करू लागले. चाचांनी बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तीन नंबरचा झोन बायपास करा," आणि कोणती बटणे दाबायची ते सांगितले. चाचांनी ती दाबली. त्या रात्रीपासून भोंगा वाजला नाही. चाचांना वाटले, यंत्र दुरुस्त झाले. 'बायपास' म्हणजे गावाबाहेरचा रस्ता, एवढेच त्यांना ठाऊक होते.

महिन्याभराने चोरांनी गोदामाच्या खिडकीचे गज कापले. ईदसाठी भरलेला माल गेला. भोंगा गप्पच राहिला.

सकाळी मी पोहोचलो, तेव्हा चाचा पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "बेटा, कुत्रा पाळला असता तर तो निदान भुंकला तरी असता!"

पोलिसांचा पंचनामा झाल्यावर मी एका जाणकार कारागिराला बोलावले. त्याने आधी पेटीकडे पाहिले.

"चाचा, हा पिवळा दिवा कधीपासून लागलाय?"

"महिना झाला असेल, भाऊ. का?"

"बायपास म्हणजे वगळणे. तीन नंबरवर मी पहारा करत नाही, असे यंत्र तुम्हांला रोज सांगत होते. काही यंत्रांत वगळलेला भाग दुसऱ्या दिवशी आपोआप चालू होतो. तुमच्या यंत्रात तो आपणच चालू करावा लागतो."

चाचा खाली बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "भाऊ, आता एकेक शब्द समजावून सांग. मी लिहून घेतो."

कारागीर आम्हांला दुकानभर फिरवू लागला.

"ही पेटी म्हणजे पॅनेल, यंत्राचा मेंदू. सगळ्या तारा इथे येतात. दुकानाचे जे भाग पाडले आहेत, ते झोन. एक नंबर पुढचे शटर, दोन नंबर मागचे दार, तीन नंबर गोदाम. भोंगा वाजला, की कोणत्या झोनमधून खबर आली ते पॅनेलवर दिसते."

मागच्या दाराच्या पल्ल्यावर एक छोटा लोहचुंबक होता. चौकटीत काचेच्या नळीतली बारीक कळ होती. "दार बंद असते तेव्हा चुंबकामुळे कळीच्या दोन पट्ट्या चिकटलेल्या राहतात आणि तारेतून थोडासा विद्युतप्रवाह वाहतो. दार उघडले, की प्रवाह तुटतो."

"आणि चोराने तारच कापली तर?" चाचांनी विचारले.

"तरीही प्रवाह तुटतो, आणि भोंगा वाजतो! म्हणून याला बंद परिपथ म्हणतात. प्रवाह चालू, म्हणजे सारे ठीक. पॅनेलचे झाकण कोणी उघडले तरी कळते. त्या सूचनेला टॅम्पर म्हणतात."

मी म्हणालो, "विजेच्या गजराची कल्पना फार जुनी आहे. 1853 साली अमेरिकेत ऑगस्टस रसेल पोप यांनी विजेवर चालणाऱ्या, चोरीची सूचना देणाऱ्या घंटेचे पेटंट घेतले. चोराने उघडलेले दार घाईने परत लावले, तरी त्यांची घंटा थांबत नसे."

गोदामाच्या कोपऱ्यात भिंगासारखा तोंडवळा असलेली एक पांढरी डबी होती. "हा संवेदक. माणसाच्या अंगातून न दिसणारे उष्णतेचे किरण निघतात. माणूस समोरून चालला, की या डबीला किरणांतला बदल जाणवतो. ती स्वतः काहीच सोडत नाही, नुसती टिपते. पण तुम्ही गठ्ठे रचले आहेत थेट तिच्यापर्यंत. त्यांवरून उंदीर अगदी जवळून गेला, की तिला तो माणसाएवढा वाटतो. म्हणून खोटा गजर होत होता. डबी वगळायची नव्हती, गठ्ठे हलवायचे होते!"

आता राहिले दोन शब्द. यंत्र पहाऱ्यावर लावणे म्हणजे आर्म करणे, आणि पहारा उठवणे म्हणजे डिसआर्म करणे. 'अलार्म' हा शब्दही मूळ इटालियन भाषेतला असून त्याचा अर्थ 'शस्त्रे उचला' असा होतो. आर्म केल्यावर बाहेर पडून शटर लावायला काही सेकंद मिळतात, ती बाहेर जाण्याची सवलत. सकाळी आत आल्यावर गुप्त आकडा दाबायलाही काही सेकंद मिळतात, ती आत येण्याची सवलत. वीज गेली तर पेटीतली बॅटरी काम करते. म्हणून तीही वेळोवेळी तपासावी लागते.

त्या रविवारी मी एका पुठ्ठ्यावर हे सारे शब्द लिहिले. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत. चाचांनी तो पॅनेलशेजारी टांगला. गेलेला माल काही परत मिळाला नाही. पण आता रोज रात्री आर्म करण्यापूर्वी चाचा चष्मा लावतात आणि एकेक दिवा वाचतात. पिवळा दिवा दिसला, तर दुकानाला कुलूप लावत नाहीत.

शब्दार्थ
गजर – इशारा देणारा आवाज
पल्ला – दाराची फळी
परिपथ – वीज वाहण्याचा मार्ग
संवेदक – बदल ओळखणारे साधन
सवलत – सूट
कुरकुर करणे – नाराजी दाखवणे

स्वाध्याय
प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चाचांनी पुस्तिका कोठे ठेवली?
(आ) पिवळा दिवा काय सांगत होता?
प्र. 2. कारणे लिहा.
(अ) तार कापली तरी भोंगा वाजतो.
(आ) गोदामात खोटा गजर होत होता.
प्र. 3. "यंत्र गप्प नव्हते, आपणच वाचले नाही." पाठाच्या आधारे पाच-सहा ओळी लिहा.
प्र. 4. उर्दूतील 'कुफ्ल' व मराठीतील 'कुलूप' हे शब्द एकाच मुळातून आले आहेत. पाठातून 'खबर' यासारखे दोन्ही भाषांत चालणारे आणखी तीन शब्द शोधा.
उपक्रम : घरातील एखाद्या यंत्रावरील दिवे व शब्द यांचा अर्थ मराठीत व उर्दूत लिहून तक्ता तयार करा.