वस्तीवर आलेलं कुत्रं : ठेवावं की हाकलावं?

प्रश्न : आमचं घर गावाबाहेर, शेतातल्या वस्तीवर आहे. पंधरा दिवसांपूर्वी एक अनोळखी कुत्रं आलं, ते गोठ्यापाशीच राहिलं. आलं कुठून? आई म्हणते, ‘खंडोबाचं आहे, हाकलू नको.’ चुलते म्हणतात, ‘पिसाळलं तर? लांब सोडून ये.’ कोणाचं ऐकू?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : आधी ‘कुठून’ ते पाहू. मेंढरांचा वाडा किंवा ऊसतोडीची टोळी मुक्काम हलवते, तेव्हा एखादं कुत्रं मागे राहतं. भाद्रपदाच्या सुमारास माजावरच्या कुत्रीमागे नर लांबवर भटकतात आणि वाट चुकतात. काही कुत्री तर कुणी मुद्दाम आणून सोडलेली असतात. येण्याची कारणं अशी अनेक असली, तरी राहण्याचं कारण बहुतेक एकच असतं : अन्न. शिळी भाकरी, खरकटं, व्यालेल्या गाईचा पडलेला जार. भाकरी कोण टाकतं, हे आईंना हळूच विचारून पाहा.

आता चुलत्यांची धास्ती. कुत्रं भटकं आहे म्हणून पिसाळत नाही. रेबीज झालेलं जनावर चावलं, तर त्याला लागण होते. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हा समजही चुकीचा. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण. असं कुत्रं पाण्यात तोंडही घालू शकतं. स्वभाव एकाएकी बदलणं, विनाकारण चावत सुटणं, लाळ गळणं, जबडा लोंबणं, झोकांड्या जाणं, ही खरी लक्षणं. मात्र लागण झाल्यावर ती दिसायला आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून पंधरा दिवस शांत राहिलं एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. लस टोचून घ्या. खंडोबाच्या कुत्र्यालाही ती लागतेच!

कुत्रं चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. मिरची, चुना काही लावू नका. लगेच दवाखान्यात जा. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण तोवर स्वतःची लस थांबवायची नसते. पोटातली ती चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली. हल्ली लस दंडात देतात.

लांब सोडून येणं हा उपाय नव्हे. तुमची काळजी तेवढी दुसऱ्याच्या वस्तीवर जाते, आणि खरकटं उघडं असेल तर रिकाम्या जागी नवं कुत्रं येतं. म्हणूनच 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं त्याच्या मूळ जागीच परत सोडतात. कानाला खाच दिसली, तर त्याची नसबंदी बहुधा झालेली आहे.

शेवटचा गैरसमज राखणीचा. कुत्रं भुंकून जागं करतं, पण बिबट्याला अडवत नाही. उलट तेच त्याचं भक्ष्य असतं. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा खाद्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. त्यामुळे रात्री अंगणात बांधलेलं कुत्रं बिबट्याला दारापर्यंत आणू शकतं.

तेव्हा आसपासच्या वस्त्यांवर मालकाची चौकशी करा. कुणी पुढे आलं नाही आणि ठेवायचं ठरलं, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात लस, जंताचं औषध आणि नसबंदीचं विचारा. रात्री त्याला बंद खोलीत किंवा मजबूत खुराड्यात ठेवा. ठेवायचं नसेल, तर खरकटं झाका, जार खोल पुरा आणि भाकरी टाकणं घरातल्या सगळ्यांनीच थांबवा. आईंनीसुद्धा!