डॅशबोर्डचा दुपट्टा

नागपूर,
होळीनंतरचा रविवार

चि. बंटी,


ताईकडून कळलं, तुझ्या गाडी धुण्याच्या सेंटरसाठी चिंचभवनची जागा पक्की झाली आणि प्रेशर पंपही आला. फार आनंद झाला. तू विचारलंस की चकाकीवाल्या डॅशबोर्ड पॉलिशचा पाच लिटरचा कॅन स्वस्तात मिळतोय, घेऊन ठेवू का. घेऊ नकोस. का नको ते सविस्तर लिहितो, कारण उद्या कामावरच्या पोरांना आणि गिऱ्हाइकांना हे तुलाच समजवावं लागणार आहे.

आधी आपलं ऊन समजून घे. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, आणि तो सावलीतल्या हवेचा आकडा. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड याच्या कितीतरी पुढे जातो. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या संशोधकांची एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. उन्हाळ्यात, उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाड्यांचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला होता आणि स्टेअरिंग ५३ अंशांवर. नवतप्याच्या कडक उन्हात मिहानच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीचं काय होत असेल, तूच विचार कर.

ताप वेगळा आणि किरण वेगळे. पुढच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो बरेचसे अतिनील किरण अडवतो. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत नुसत्या टफन्ड असतात, त्यांतून बरेच जास्त किरण आत येतात. पूर्वी लोक काळी फिल्म लावून निभावायचे. सुप्रीम कोर्टाच्या २७ एप्रिल २०१२ च्या निकालानंतर त्या फिल्म उतरवाव्या लागल्या. म्हणून गिऱ्हाईक डॅशबोर्ड दाखवत असलं तरी तू दाराच्या पॅडची वरची पट्टी आणि मागच्या सीटच्या खिडकीलगतचा भाग न चुकता बघ. किरणांचा मार तिथं बसतो. प्लास्टिकमधल्या लांबच लांब साखळ्या तुटत जातात, रंग उडतो, पृष्ठभाग पांढुरका, खडूसारखा होतो. एकदा असं झालं की ते मागे फिरत नाही. वरून तेलकट काही लावलं की आठवडाभर काळं दिसतं, एवढंच.

मग आपण लावतो ते कशासाठी? उन्हात निघताना आपण डोक्याला दुपट्टा बांधतो, त्यासाठी. दुपट्टा चकाकतो का, हे कोणी विचारत नाही. गाडीच्या आतल्या प्लास्टिकवर लावायचं द्रव्यही तेवढंच करावं: किरण अडवावेत, धूळ चिकटू देऊ नये, आणि कंपनीतून आला तेव्हा डॅशबोर्ड जसा दिसत होता तसाच ठेवावा.

बाजारात ढोबळमानानं दोन जाती आहेत. एक तेलकट, सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं सिलिकॉन. वास रॉकेलच्या जवळचा, लावताच झळाळी, आणि दुसऱ्या दिवशी हात फिरवला तर बोट ओशट. दुसरी पाण्यात मिसळलेली, बहुधा दुधासारखी पांढरी, पातळ. ही घे. बाटलीवर मॅट, सॅटिन किंवा नॅचरल फिनिश असं लिहिलेलं असावं आणि अतिनील किरणांपासून संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख असावा. सिलिकॉन म्हणजेच संरक्षण, असं दुकानदार सांगेल. तसं नसतं. किरण शोषणारा घटक त्यात वेगळा घालावा लागतो, आणि तो ऊन झेलता झेलता संपत जातो, म्हणून पुन्हा लावावं लागतं. माझ्या मते आपल्याकडे मार्च ते जून दर महिना-दीड महिन्याला आणि पावसाळ्यापासून पुढे दोन-तीन महिन्यांनी लावलं की भागतं.

मोठा कॅन घेण्याआधी छोटी बाटली आण. दोन बोटांत थेंब चोळून वाळू दे. ओशटपणा राहिला तर ती बाजूला ठेव. उग्र सुगंधाचीही नको; बंद गाडीत दुपारी तोच वास डोकं दुखवतो. संत्र्याच्या वासाच्या क्लीनरबद्दल आपल्या गावात विशेष माया आहे, पण संत्र्याच्या सालीतलं तेल स्वतःच एक सॉल्व्हंट आहे. थर्माकोलवर सालीचं तेल पिळून बघ, खड्डा पडतो. असं तीव्र क्लीनर मीटरच्या पारदर्शक काचेवर कधीच नको. आणि कोणी घरून खोबरेल तेल लावून आणलेली गाडी आली तर आधी ते पूर्ण काढ. ते उन्हात खवट होतं आणि रस्त्याची सगळी धूळ धरून ठेवतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो ती. तुझ्याकडे येणाऱ्या गाड्यांतल्या कितीतरी शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढतील. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे. रस्ता पश्चिमेकडे जातो. दुपारी जेवून निघालेल्या माणसाच्या समोर संध्याकाळपर्यंत सूर्य असतो, खाली पांढरं काँक्रीट, आणि गाडी ताशी १२० पर्यंत. अशा वेळी तुळतुळीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि समोरचा रस्ता त्या प्रतिबिंबाआडून बघावा लागतो. मॅट पृष्ठभाग उजेड विखुरतो, तुळतुळीत पृष्ठभाग तो सरळ काचेवर फेकतो. पुढे थांबलेला ट्रक एक क्षण उशिरा दिसावा, यात तुझ्या हाताचा वाटा असता कामा नये. चकाकीवाला कॅन नको म्हणतो तो मुख्यतः याचसाठी.

लावायची पद्धत सांगतो. गाडी सावलीत घे, चारही दारं उघड, आणि डॅशबोर्डला हाताची मागची बाजू लावून बघ. गरम वाटला तर थांब. तापल्या प्लास्टिकवर द्रव्य लगेच सुकतं आणि पट्टे उठतात. उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरकत जा. आधी मऊ ब्रशनं खाचांतली धूळ सैल करून व्हॅक्यूमनं ओढ. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडून येणाऱ्या गाड्यांत राखेची बारीक पूड असते, ती कोरड्या फडक्यानं घासलीस तर चकचकीत काळ्या पॅनेलवर ओरखडे उठतील. मग सौम्य क्लीनर फडक्यावर घेऊन पूस, त्यानंतर नुसत्या ओल्या फडक्यानं, आणि पूर्ण कोरडं कर. बोअरचं पाणी यासाठी वापरू नकोस, काळ्या प्लास्टिकवर क्षारांचे पांढरे डाग राहतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर महाग नाही.

नवी गाडी असेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला थोडं लावून अर्धा तास थांब. रंगात फरक दिसला नाही तरच पुढे जा. द्रव्य नेहमी स्पंजवर किंवा फडक्यावर घे, थेट फवारा मारू नकोस. तो एसीच्या जाळ्यांत, स्विचांत आणि काचेवर जातो. डाव्या बाजूला डॅशबोर्डमध्ये एअरबॅगच्या झाकणाची फट असते, तिच्यात काही मुरू देऊ नकोस. थोडं घे, एका वेळी हातभर भाग, मिनिट-दोन मिनिटं थांब, आणि दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरनं दाबून पूस. पोरं हे शेवटचं पुसणं टाळतात. जेवढं प्लास्टिकनं धरलं तेवढंच राहावं, उरलेलं फडक्यावर यावं.

स्टेअरिंग, गिअरचा दांडा, पेडल, हँडब्रेक, सीटबेल्ट, पायाखालची रबरी मॅट यांना हे द्रव्य कधीही लावायचं नाही, मालकानं हट्ट धरला तरी नाही. हात किंवा पाय सरकला तर त्याची भरपाई कुणी करू शकत नाही. मीटर आणि टचस्क्रीनला फक्त ओलसर फडकं. काही गाड्यांच्या बटणांवरचा रबरासारखा मऊ लेप दमट उष्णतेनं चिकट होतो. त्यावर कुठलंच पॉलिश चालत नाही, मालकाला तसं स्पष्ट सांग. सगळ्यात शेवटी पुढची काच आतून पूस. उन्हात प्लास्टिकमधून निघणारी वाफ तिच्यावर धूसर थर धरते.

"पैसे दिले अन् चमकलं काहून नाही जी?" हे तुला रोज ऐकावं लागेल. वाद घालू नकोस. गाडी सूर्याकडे तोंड करून उभी कर, मालकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसव आणि समोरच्या काचेत काय दिसतं ते त्यालाच बघू दे. मग बाजूला दुसऱ्या कोणाची चकाकी मारलेली गाडी असेल तर तिच्यातही बसव. ज्याला तरीही चकाकी हवी असेल त्याला दारांच्या खालच्या भागावर सॅटिन लावून दे, डॅशबोर्डच्या वर मात्र नाही. एखादं गिऱ्हाईक परत गेलं तर जाऊ दे.

आतल्या कामाचा दर धुण्यापासून वेगळा लिही. नीट केलं तर या कामाला तास-सव्वा तास लागतो, आणि फुकटात धरलं की पोरं ते घाईत उरकतात. मायक्रोफायबर दोन रंगांचे घे, आतले निळे, बाहेरचे पिवळे, आणि ते एकत्र धुवू नकोस. फॅब्रिक सॉफ्टनर तर घालूच नकोस. डेंटिंग-पेंटिंगवाला शेजारी येणार असं ऐकलं. त्याच्या बूथच्या जवळ सिलिकॉनचं काहीही फवारू नकोस, ताज्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि भांडण होतं.

बाटल्यांचे फोटो पाठव, मागचं लेबल वाचता येईल असे. पुढच्या आठवड्यात वर्धा रोडला माझं काम आहे, तेव्हा येतो आणि पहिल्या गाडीचं आतलं काम सोबत करू. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा